केबल काढली, बिल तेवढंच

केबल बंद करायचं ठरवलं त्या दिवशी मी एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे केबलचं महिन्याचं बिल, उजवीकडे घ्यायच्या ठरवलेल्या दोन ओटीटींची वर्गणी. उजवीकडचा आकडा डावीकडच्या निम्म्याहूनही कमी. लगेच सेट-टॉप बॉक्स परत केला आणि चार मित्रांना उपदेशही करून मोकळा झालो. आठ महिन्यांनी तोच कागद एका पुस्तकात सापडला, म्हणून हिशेब पुन्हा मांडला. दोनाच्या पाच वर्गण्या झाल्या होत्या, इंटरनेटचा प्लॅन वरचा घ्यावा लागला होता आणि बेरीज केबलच्या जुन्या बिलापाशी येऊन टेकली होती. पाचांतली एक तर अशी, की तिच्यावरची मालिका आम्ही दोन संध्याकाळींत संपवली होती. पुढचे सात महिने ती वर्गणी आपली चालूच.

तेव्हापासून "केबल सोडून ओटीटीवर जाऊ का?" असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न करतो: चालू असलेली एखादी वर्गणी तुम्ही शेवटची कधी बंद केली होती? हा आडवळणाचा प्रश्न वाटतो, पण माझ्या मते सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. ओटीटी स्वस्त असतेच असं नाही. जाहिरातींपासूनची सुटका तिने दिली आणि काही वर्षांत परत घेतली. कार्यक्रम भरपूर, हे खरं, पण केबलवरही तीनशे चॅनेल होतीच की. ओटीटीने दिलेली खरोखर नवी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हव्या त्या महिन्यात थांबता येणं. जो ही मुभा वापरेल त्याने केबल खुशाल सोडावी. जो वापरणार नाही तो पाच ठिकाणी बिलं भरून पुन्हा केबलच घेतो, आणि वर ती पाच पासवर्डांत विखुरलेली.

हे जरा कडवट वाटेल, म्हणून थोडं मागे जातो. 1948 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ गावांत आणि ऑरेगनमधल्या ॲस्टोरियात लोकांकडे टीव्हीचे संच होते, पण चित्र धड येत नव्हतं. मग कुणीतरी उंचावर मोठा अँटेना उभारला आणि तिथून घरोघरी तार ओढली. केबलचा जन्म हा असा. ती फक्त पोच विकत होती, कार्यक्रम हवेतून येणारे फुकटचेच होते. 1972 साली एचबीओ हे सशुल्क चॅनेल आलं आणि सौदा बदलला: दर महिन्याला पैसे द्या, सिनेमे आणि सामने जाहिरातींशिवाय बघा. पुढे केबलवर जी शेकडो चॅनेल आली त्यांतल्या बहुतेकांनी मात्र दोन्ही हातांनी घेतलं, प्रेक्षकाकडून वर्गणी आणि जाहिरातदाराकडून भाडं.

नेटफ्लिक्सने 2007 मध्ये इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली, तेव्हाचा सौदा एचबीओच्याच वळणाचा होता. एक वर्गणी, जाहिरात नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी जाहिरातींसह स्वस्तातला प्लॅन आणला. ॲमेझॉनने जानेवारी 2024 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. अमेरिकेत प्राइम व्हिडिओच्या आधीपासूनच्या सभासदांना जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे मागितले. पासवर्डचंही तेच. 2017 साली नेटफ्लिक्सने पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम असं कौतुकाने ट्विट केलं होतं. 2023 मध्ये त्याच प्रेमावर जादा आकार लागला.

मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. पैसे मिळवण्याचे मार्गच मोजके असतात, फिरून फिरून धंदा त्यांवरच येतो. पण "केबल वाईट, ओटीटी चांगली" असं म्हणून तार तोडणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं, की आज आवडलेली अट पुढच्या वर्षी तशीच राहील याची हमी नसते.

आता गठ्ठ्याबद्दल. केबलविरुद्धची सगळ्यात जुनी तक्रार हीच: मी दहा चॅनेल बघतो, मग तीनशेचे पैसे का भरू? तक्रार रास्त वाटते, पण तिच्यात एक गोम आहे. समजा दोनच प्रेक्षक आहेत. पहिल्याला खेळासाठी दहा नाणी द्यायला हरकत नाही, सिनेमासाठी फार तर तीन. दुसऱ्याचं बरोबर उलटं. दोन्ही चॅनेल दहा-दहा नाण्यांना सुटी विकली तर प्रत्येक जण एकच घेईल आणि गल्ल्यात वीस नाणी येतील. तेच दोन्ही मिळून बाराला दिलं, तर दोघेही दोन्ही घेतील. विकणाऱ्याला चोवीस मिळाली आणि दोन्ही प्रेक्षकांना तेरा नाण्यांचा माल बाराला पडला. गठ्ठा म्हणजे निव्वळ लूट नव्हे, तो असा जमलेला हिशेब असतो. सुटं मागितलं की प्रत्येक तुकडा महाग होतो, कारण तो आता फक्त त्याच्या वेड्या चाहत्यांच्या खिशातून उभा राहायचा असतो.

अर्थात हा हिशेब दोघांच्या आवडी अशा समसमान उलट्या असतील तरच इतका छान बसतो. केबलमध्ये तसं नव्हतं. खेळाच्या हक्कांवर ओतलेला प्रचंड पैसा खेळ कधीच न बघणाऱ्या घरांनीही वर्षानुवर्षं भरला. त्या घरांचा राग मला पूर्ण मान्य आहे, आणि केबल सोडण्याचा खरा फायदाही त्यांनाच झाला. उलट तीन-चार खेळ मनापासून बघणाऱ्याने तार तोडली की तो आगीतून फुफाट्यात जातो. एका स्पर्धेचे हक्क एका ॲपकडे, दुसरीचे दुसऱ्याकडे, आणि पुढच्या मोसमात तेही बदललेले.

शिवाय फुटलेले गठ्ठे पुन्हा बांधले जात आहेत. मे 2024 मध्ये कॉमकास्टने, म्हणजे अमेरिकेतल्या एका बड्या केबल कंपनीनेच, नेटफ्लिक्स, पीकॉक आणि ॲपल टीव्ही प्लस या तीन ओटीटी एकत्र विकायला काढल्या. जुलैमध्ये डिस्ने प्लस, हुलू आणि मॅक्स या आणखी तीन एका वर्गणीत आल्या. यूट्यूब टीव्ही ही इंटरनेटवरून चॅनेल दाखवणारी सेवा 2017 मध्ये केबलला स्वस्त पर्याय म्हणून सुरू झाली. जानेवारी 2025 पर्यंत तिचा दर दुपटीच्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर डिस्नेशी करार फिसकटला आणि तिच्यावरून ईएसपीएन, एबीसी ही डिस्नेच्या मालकीची चॅनेल दोन आठवडे गायब झाली. चॅनेलमालक आणि केबल कंपनी भांडणार आणि पडदा प्रेक्षकाचा काळा होणार, हे नाटक केबलवाल्यांनी कितीतरी वेळा केलं होतं. आता रंगमंच तेवढा बदलला.

तरीही लोक जात आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांनुसार जुलै 2022 मध्ये अमेरिकेत टीव्हीसमोर घालवलेल्या वेळात स्ट्रीमिंगने पहिल्यांदा केबलला मागे टाकलं. मे 2025 मध्ये स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला. केबल आणि हवेतून येणारी चॅनेल यांची बेरीज 44.2 टक्के भरली. पण या आकड्याच्या पोटात शिरलं की एक मजेशीर गोष्ट दिसते. त्या महिन्यात सगळ्यात मोठा वाटा नेटफ्लिक्सचा नव्हता, तो होता यूट्यूबचा, 12.5 टक्के. नेटफ्लिक्सचा 7.5. म्हणजे केबलची जागा महागड्या मालिकांनी घेतली असं आपण समजतो, आणि घरातला टीव्ही प्रत्यक्षात गाणी, मुलाखती, जुने सामने आणि कुणाचं तरी गॅस शेगडी दुरुस्त करणं बघत असतो. बहुतेक फुकटात. एक महिना सगळ्या सशुल्क वर्गण्या थांबवून बघा, हा सल्ला मी म्हणूनच देतो. कोणती खरंच आठवते ते तेव्हाच कळतं.

केबलच्या बाजूने बोलायचं, तर तिचा एक गुण आपण ती असताना कधी ओळखला नाही. केबलवर एकच सिग्नल सगळ्यांसाठी तारेतून वाहत असतो. बघणारे शंभर असोत की दहा लाख, तारेला फरक पडत नाही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक घरासाठी स्वतंत्र प्रत निघते, काही सेकंदांच्या तुकड्या-तुकड्यांनी. हा भार हलका करायला नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले सर्व्हर थेट इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या इमारतींत ठेवतात. सिनेमा आधीच तिथे आणून ठेवता येतो, त्यामुळे अडत नाही. पण चालू असलेला सामना आधी कसा आणून ठेवणार? इथे घोडं पेंड खातं. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात ऑस्ट्रेलियात ऑप्टस या टेलिफोन कंपनीचं स्ट्रीमिंग इतकं कोलमडलं की सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीकडे द्यावे लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर जुना विश्वविजेता माइक टायसन आणि यूट्यूबवरून नावारूपाला आलेला जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत होती. कोट्यवधी लोक एकाच वेळी आले आणि त्यांतल्या अनेकांनी फिरणारं चक्र बघितलं. आणि सगळं सुरळीत चाललं तरी स्ट्रीमिंगचं चित्र बऱ्याचदा अर्धा मिनिट मागे असतं. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून चेंडूकडे धावतोय. सामन्याची एवढी चव जाते, की त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी निकाल वाचलेला परवडला.

डेटाचंही गणित करून ठेवावं. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत लागतात, फोर-केला 7. घरातला टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्याला एचडीचे 360 जीबी, फोर-केचे 840. प्लॅनला मर्यादा असेल तर हा आकडा बोचतो. आणि ज्यांच्याकडे केबल आणि इंटरनेट एकाच कंपनीचं आहे, त्यांनी केबल काढल्यावर इंटरनेटवरची सवलत राहते का हे आधी विचारावं. अनेकदा हत्ती जातो आणि शेपूट महाग होतं.

एक तिसरा पर्यायही असतो, त्याची आठवण कुणी करून देत नाही, कारण त्यात कुणाला दरमहा पैसे मिळत नाहीत: अँटेना. ब्रिटनमध्ये 2002 पासून चाललेली फ्रीव्ह्यू सेवा हेच करते, हवेतून फुकट डिजिटल चॅनेल. जिथे असं प्रसारण चांगलं पोहोचतं तिथे अँटेना आणि एखादी वर्गणी मिळून पुष्कळ घरांचं भागतं.

आता पैशांपलीकडची बाब, जी माझ्या त्या दोन रकान्यांत कुठेच नव्हती. केबल काढल्याच्या तिसऱ्या दिवशी आई रिमोट हातात घेऊन बसली होती. टीव्ही चालू होता, पडद्यावर चित्रांच्या रांगाच रांगा, आणि ती कुठलंच बटण दाबत नव्हती.

"काय लावायचंय आई?"

"काही नाही रे. जे चालू आहे ते बघते."

चालू काहीच नव्हतं. मला ते कळायला थोडा वेळ लागला. तिला बातम्यांच्या चॅनेलचा नंबर पाठ होता, तिच्या मालिकेची वेळ पाठ होती, आणि मधल्या वेळात कुणीतरी दुसऱ्याने निवडलेलं काहीतरी समोर येत राहायचं. त्यालाच ती टीव्ही म्हणत होती. मी तिला गोदामाच्या दारात उभं केलं होतं आणि सांगत होतो, घे हवं ते. आपण निवडीला नेहमी सुख समजतो. दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता आणखी एक निर्णय नको असतो. चाळीस मिनिटं रांगा चाळून काहीच न बघता झोपी गेलेले मला पुष्कळ माहीत आहेत, मी त्यांतलाच. हाताशी माल एवढा की त्याचा उपयोग करायचाच राहून जातो.

शिवाय गोदामातला माल तरी कायम असतो कुठे? मे 2023 मध्ये डिस्नेने स्वतःच तयार केलेले कितीतरी कार्यक्रम आपल्या ॲपवरून काढून टाकले. सीएनएन प्लस ही बातम्यांची सेवा मार्च 2022 च्या शेवटी सुरू झाली आणि महिनाभरात बंद पडली. सॉफ्टवेअरचा पाठिंबा संपला म्हणून चांगला चालणारा टीव्हीही एक दिवस ॲप उघडेनासा होतो. 2019 च्या डिसेंबरमध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवरून नेटफ्लिक्स असंच गेलं. केबलच्या बॉक्सला दोष शेकडो होते, पण तो बिघडला तर कंपनी बदलून द्यायची. ॲप चालेनासं झालं तर आपण बदलायचं ते टीव्हीचं खोकं.

म्हणून घरात एकापेक्षा जास्त माणसं असतील तर निर्णय हिशेबाचा कागद धरणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. ज्याला नव्या रिमोटचा सगळ्यात जास्त त्रास होणार आहे त्याला आधी विचारावं. मी विचारलं नव्हतं.

आणि हा प्रश्न फक्त घरापुरताही नाही. थांबता येणं हीच ओटीटीची खरी देणगी असेल, तर थांबणं सोपं राहावं हे बघणं सार्वजनिक काम आहे. एका बोटाने सुरू होणारी वर्गणी बंद करायला सहा पडदे ओलांडावे लागतात, मधे दोनदा "खरंच जायचंय?" असं विचारलं जातं आणि शेवटी एखादी सवलत पुढे येते. मला स्वतःला एका सेवेचं 'रद्द करा' बटण फोनवरच्या ॲपमध्ये सापडलंच नाही. ते फक्त संगणकावरच्या खात्यात होतं. जर्मनीने यावर सरळ कायदा केला. 1 जुलै 2022 पासून तिथे ऑनलाइन घेतलेली वर्गणी ऑनलाइनच बंद करता येईल असं स्पष्ट दिसणारं बटण ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत संघीय व्यापार आयोग या सरकारी संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये असाच नियम केला, पण तो पूर्ण लागू होण्याआधीच, जुलै 2025 मध्ये, न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द ठरवला.

जर्मनीचंच आणखी एक उदाहरण मला या सगळ्या वादात सर्वांत बोलकं वाटतं. तिथे घरमालकाला केबलचा खर्च भाड्याबरोबरच्या इतर खर्चांत धरून भाडेकरूकडून वसूल करता यायचा, भाडेकरू टीव्ही बघो वा न बघो. 1 जुलै 2024 पासून ते बंद झालं. लाखो लोकांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं की तुम्हाला केबल हवी आहे का. त्यानंतर तिथे केबलही पुरवणाऱ्या व्होडाफोनने लाखो टीव्ही ग्राहक गमावले. हे सगळे काही त्या दिवशी अचानक केबलला कंटाळले नव्हते. न विचारता चालू असलेली गोष्ट माणूस चालूच ठेवतो, एवढंच. नेमकी हीच सवय आता आपोआप वजा होणाऱ्या वर्गण्यांनी हेरली आहे. फरक इतकाच, की तिथे घरमालकाने पैसे कापले होते, इथे आपणच परवानगी देऊन विसरतो.

विरोधात एक मुद्दा निघेल आणि तो वजनदार आहे: सगळेच असे महिन्यामहिन्याला येऊ-जाऊ लागले तर चांगले कार्यक्रम बनवणार कोण? वर्षभराच्या खात्रीच्या उत्पन्नावरच मोठी कामं उभी राहतात. हे मला नाकारता येत नाही. सतत सुटणाऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायला कंपन्या वार्षिक प्लॅन स्वस्त करतील, मालिकेचे भाग दर आठवड्याला एक असे लांबवतील, पुन्हा गठ्ठे बांधतील. त्यातलं काही तर सुरूच आहे. पण कार्यक्रम चांगले बनावेत म्हणून मी न बघितलेल्याचे पैसे भरत राहावं, हा युक्तिवाद केबलनेही वर्षानुवर्षं केला. मला धरून ठेवायचं असेल तर पुढच्या महिन्यात बघण्यासारखं काहीतरी ठेवा, एवढीच माझी अट आहे.

आमच्या घरी शेवटी असं ठरलं: आईच्या खोलीत केबल परत आली, सगळ्यात लहान पॅकची. बाहेरच्या टीव्हीवर एका वेळी एकच सशुल्क ओटीटी. घेतली त्याच दिवशी ती रद्द करून टाकायची, म्हणजे महिना संपला की आपोआप बंद होते आणि पुढची घ्यायची की नाही हे विचारावं लागतं. मुलीने फ्रिजवर एक चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर चालू महिन्याचं नाव लिहिलेलं असतं. मागच्या महिन्यात चिठ्ठी कोरी होती आणि ते कुणाच्या लक्षात यायला अकरा दिवस लागले. सगळ्यांत आधी आलं ते आईच्याच. तिच्या साडेआठच्या मालिकेत जाहिरात लागली तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर आली, फ्रिजकडे बघितलं आणि म्हणाली, "काय रे, तुमचं या महिन्यात एकही दुकान उघडं नाही वाटतं?"